मीटर टाकता का?

दसऱ्याच्या सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या नाक्यावर रिक्षांची रांग धुऊनपुसून उभी असते. हुडाला आंब्याचे डहाळे, काचेवर झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबे. त्या रांगेतल्या एका रिक्षेत मी गेली बारा-तेरा वर्षे बसत आले आहे. तिचे मालक तेच चालक, आणि सगळ्या गल्लीचे ते काका. गेल्या दसऱ्याला ते पूजा करत असताना मी तिथून चालले होते म्हणून थांबले. आधी हँडल, मग सीएनजीच्या टाकीचे झाकण, मग काचेवर रंगवलेला परमिटचा नंबर आणि सर्वांत शेवटी मीटर, असा त्यांचा क्रम होता. मीटरवर एरवी एक जुना हातरुमाल बांधलेला असतो. तो सोडून त्यांनी धूळ फुंकली, अंगठ्याने हळदीकुंकू लावले, वर झेंडूचे एक फूल ठेवले, हात जोडले आणि फुलासकट रुमाल पुन्हा बांधून टाकला. हँडलच्या बाजूला रबरी पकडीत दोन मोबाइल अडकवलेले होते. त्यांतला एक पूजा चालू असतानाच दोनदा वाजला, पण त्याला कुंकू काही लागले नाही.

"काका, मोबाइल राहिला की," मी म्हटले.

"फोन माझाय ताई, पण आतला धंदा त्यांचा. त्यांची पूजा ते करतील."

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. व्हाउचरशिवाय पैसा हलू नये अशा वातावरणात वीस वर्षे काढल्यामुळे असेल, पण वर्षातून एकदा पूजा होणारे आणि उरलेले दिवस रुमालाखाली झाकलेले ते मीटर डोक्यातून जाईना. मोबाइलवरून गाडी बोलावण्याचे ॲप चांगले की नाक्यावरची रिक्षा चांगली हा वाद आमच्याकडे घरात, कचेरीत आणि लग्नाच्या पंगतीतही होतो. तो ऐकताना मला नेहमी वाटते की नाशिकपुरता या वादात एक तिसरा पक्षकार आहे आणि तो म्हणजे हे झाकलेले मीटर.

मुंबईकरांचे तसे नाही. माझी मावशी दादरची. तिथे काळी-पिवळीत बसायचे, चालकाने मीटर टाकायचे आणि उतरताना आकड्याप्रमाणे पैसे द्यायचे, यात बोलण्यासारखे काही असते हेच तिला ठाऊक नाही. जवळच्या भाड्याला नाही म्हणणारे तिलाही भेटतात, पण एकदा गाडीत बसल्यावर दराची घासाघीस होत नाही. प्रीमियर पद्मिनी ही जुनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली तेव्हा मावशीने फोनवर जो सुस्कारा टाकला, तो त्या गाडीइतकाच तिच्या मीटरसाठीही असावा. हीच मावशी पहिल्यांदा नाशिकला आली आणि रिक्षेत बसताच सवयीने म्हणाली, "चला, मीटर टाका." रिक्षावाल्याने मागे वळून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असे पाहिले, की जणू तिने टांग्याच्या घोड्याला इंजिन सुरू करायला सांगितले होते. आमच्याकडे काळी-पिवळी म्हटले की त्र्यंबकला नाही तर सिन्नरला जाणारी, माणसे भरेपर्यंत न हलणारी जीप डोळ्यांपुढे येते, आणि गावातल्या प्रवासाचे दोनच प्रकार असतात, सीट आणि स्पेशल. सीट म्हणजे शालिमार, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, नाशिकरोड अशा ठरलेल्या मार्गावर इतरांसोबत दाटीवाटीने बसणे. परवाना तीन प्रवाशांचा असतो, पण मागे चौघे आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून पाचवा, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. स्पेशल म्हणजे सगळी रिक्षा आपल्यासाठी, आणि त्याचा दर तोंडी, ज्याचा त्याने ठरवायचा.

याची मुळे बहुधा गावाच्या नकाशातच आहेत. रेल्वे आली ती जुन्या गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर, त्यामुळे स्थानक आणि गाव यांच्यामध्ये कोणीतरी ने-आण करणारा नाशिकला कायमच लागला. १८८९ मध्ये मेनरोड ते स्थानक अशी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिच्या जोडीला आणि तिच्यानंतरही टांगे होते. आई सांगते की टांग्यात बसायच्या आधी आजोबा दोन पावले पुढे चालत जाऊन दाखवायचे, म्हणजे टांगेवाला दोन आणे उतरायचा. रिक्षा आल्या तेव्हा त्या या टांग्यांच्याच रांगेत उभ्या राहिल्या आणि टांग्यांची रीतही त्यांनी तशीच पुढे चालवली. मीटर तेवढे वरून बसवले गेले.

आता हे मीटर म्हणजे नक्की काय असते, हे मला काकांमुळेच कळले. रिक्षाचा दर चालक ठरवत नाही, संघटनाही ठरवत नाही. आमच्याकडे तो प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. त्यामागे सूत्र असते. गाडीची किंमत, इंधन, विमा, देखभाल, महागाई यांचा हिशेब कसा धरायचा, हे सांगण्यासाठी राज्य सरकारने आधी हकीम समिती आणि मग खटुआ समिती नेमली. दर वाढला की तो वर्तमानपत्रात छापून येतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले, तेव्हा ते नाशिकच्या चहाच्या टपरीवरही वाचले गेले आणि त्यावर यथेच्छ चिडचिड झाली. चिडता येते, कारण आकडा सगळ्यांना एकच असतो आणि तो कोणी ठरवला हे माहीत असते. मग ते मीटर नव्या दराप्रमाणे जुळवून घ्यायचे, तपासून घ्यायचे, त्याला सील लागते, आणि मीटर बरोबर नसेल तर गाडीचे पासिंग होत नाही. काकाही नेमाने ते करून घेतात. रुमाल सोडायचा, पैसे भरायचे, मीटर जुळवायचे, पासिंग करायचे आणि घरी येऊन रुमाल बांधायचा. हिशेबाच्या माझ्या धंद्यात याला कीर्द लिहून कपाटात कुलूपबंद करणे म्हणतील.

मीटर न टाकण्याचे काकांचे कारण ऐकण्यासारखे आहे. "गंगापूर रोडच्या पार टोकाला सोडलं, तर येताना कोण बसतं? मीटर जातानाचं बोलतं, येतानाचं बोलत नाही." हे खरे आहे. हेही खरे आहे, की मेनरोडवरून शालिमारला जाताना, जिथे येताना हमखास सीट मिळते, तिथेही मीटर गप्पच असते. परवान्यांची संख्या १९९७ पासून गोठलेली होती ती राज्य सरकारने २०१७ मध्ये खुली केली, रस्त्यावर रिक्षा वाढल्या, एकाच भाड्यावर दोघे-तिघे धावू लागले, पण तरीही कोणी मीटर टाकून गिऱ्हाईक ओढल्याचे मला आठवत नाही.

अशा गावात ॲप आले, तेव्हा ते मुंबईत आले त्यापेक्षा वेगळ्या कारणाने गोड वाटले. मुंबईकराला गारेगार गाडी मिळाली, घराच्या दारातून मिळाली. आम्हांला, विशेषतः आम्हां बायकांना, जे मिळाले ते म्हणजे प्रवासाआधी दिसणारा आकडा. रात्री नऊला मुंबई नाक्यावर बसमधून उतरून, हातात पिशव्या घेऊन, चार अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात "इंदिरानगरचे किती?" असे विचारायचे, पहिल्याने तोंडाला येईल तो भाव सांगायचा, दुसऱ्याने हसायचे, आणि मग आपण "दीडशे देईन" म्हणत पुढे चालायला लागायचे, आजोबांसारखे, फक्त आजोबांना अंधाराची भीती नव्हती. हे सगळे एका बोटाच्या दाबाने टळत होते. चालकाचे नाव, गाडीचा एमएच १५ने सुरू होणारा क्रमांक, कुठून कुठे कसे गेलो याची रेघ, हे सगळे घरी पाठवता येत होते. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षे कमी ऐकू येत असे. भाव करण्यासाठी कान लागतात, हे त्यांच्यामुळे लक्षात आले. ॲप आल्यावर ते पुन्हा एकटे दवाखान्यात जाऊ लागले. जे मीटरने करायचे होते ते मोबाइलने करून दाखवले, असे मी तेव्हा अनेकांना सांगितले आणि ते चूक होते असे आजही म्हणणार नाही.

पण माझ्या लक्षात एक फरक आला नव्हता. तो ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आला. कारखान्यात लेखापरीक्षण चालू होते, निघायला आठ वाजले आणि सातपूरला पाऊस असा लागला होता की समोरचा दिवा दिसेना. ॲपवर घरापर्यंतचा दर १४५ रुपये दिसत होता. गाडी ठरली, चालकाचा फोन आला, "मॅडम, कुठं सोडायचंय? ऑनलाइन का कॅश?" ऑनलाइन म्हटले आणि गाडी रद्द झाली. दुसऱ्याने इंदिरानगर ऐकून फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "वरून साठ देणार का?" चौथा पाच मिनिटांवर आहे असे दाखवत वीस मिनिटे एकाच चौकात थांबून राहिला, बहुधा मीच रद्द करावे म्हणून. या अर्ध्या-पाऊण तासात १४५चे २१० झाले. म्हणजे ज्या घासाघिशीपासून पळून मी मोबाइलमध्ये शिरले होते ती तिथे माझ्याआधीच येऊन बसली होती, आणि आता समोर माणसाचा चेहराही नव्हता. नाक्यावरचा रिक्षावाला जास्त मागतो तेव्हा तो पावसाकडे बोट दाखवतो, मी माझ्या भिजलेल्या साडीकडे दाखवते आणि कुठेतरी मधे तोड निघते. १४५चे २१० कोणी केले, त्याच्याशी मी कुठे भांडणार होते? शेवटी कंपनीच्या दारातून एका रिकाम्या रिक्षेला हात केला, त्याने अडीचशे सांगितले आणि मी मुकाट्याने बसले.

याला नियम नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ॲपच्या कंपन्यांना परवान्याच्या कक्षेत आणले गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच दर वाढवता येईल, भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा आणि सबळ कारणाशिवाय भाडे रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये, दंड व्हावा असे म्हटले होते. जुलै २०२५च्या नव्या तत्त्वांत ती दीडपट दुप्पट झाली. पण मूळ भाडे किती, पट कधी लागली, का लागली, शेजारी उभ्या असलेल्या बाईला तोच आकडा दिसतो आहे की वेगळा, हे रस्त्यावर उभे राहून कळण्याचा मार्ग नाही. मीटरवर संशय आला तर सील तपासायला सांगता येते. मोबाइलमधल्या आकड्याला असे कुठले सील नसते.

काकांची तक्रार याच्या उलट बाजूची आहे आणि ती मला जास्त खोल वाटते. ते एक लाल पुठ्ठ्याची वही ठेवतात. सकाळी सीएनजीच्या रांगेत गेलेला वेळ, दिवसाची भाडी, रिकामे फिरणे, सगळे त्यात असते. ॲपची भाडी त्यांनी हिरव्या शाईने लिहिली आहेत. एका भाड्यापुढे २.७ असे लिहिले होते. मी विचारले तर म्हणाले, गिऱ्हाईक घ्यायला तेवढे किलोमीटर लांब गेलो, त्याचा पैसा नाही, आणि प्रवास होता तीन किलोमीटरचा. पण पैशांपेक्षा त्यांना टोचते ते वेगळेच. "स्टँडला नंबर लावला की माझ्यापुढं चार गाड्या दिसतात. चारच, पाच नाही. कोणी घुसला तर शर्ट धरता येतो. ह्यात माझा नंबर कितवा, माझ्यापुढं कोण, मागं कोण, काय बी कळत नाही. फोन वाजला तर वाजला." मी हिशेबनीस असल्याने मला हे लगेच पटले. पैसे कमी मिळाले तर माणूस कुरकुरतो, पण खातेवहीच दाखवली नाही तर त्याला कशाबद्दल कुरकुरायचे हेही समजत नाही.

स्टँडची बाजू घेताना मी हे विसरत नाही की स्टँड हा काही संतांचा मठ नाही. ॲपवर बोलावलेल्या चालकाला स्टँडजवळ थांबू न देणे, त्याची चावी काढून घेणे, आणि मग म्हाताऱ्या बाईने दोन बॅगा ओढत पार मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाणे, हे मी पाहिले आहे आणि त्या बाईंची एक बॅग उचलली आहे. परवाना, बॅज, पासिंग, विमा यांचा खर्च आम्ही करतो आणि पांढऱ्या पाटीच्या दुचाकीवर कोणीही माणसे नेतो, हे रिक्षावाल्यांचे म्हणणे रास्त आहे. फक्त ज्या परवान्याचा ते एवढा अभिमान बाळगतात, त्या परवान्यानेच मीटर टाकायला सांगितले आहे.

रस्ता माहीत असण्याची गोष्ट मात्र काकांकडून शिकावी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले. मोबाइलचा नकाशा अशा दिवशीही गोदाघाटाकडून जवळची वाट सुचवतो, आणि तिवंधा, दहीपूल या भागातल्या गल्ल्यांत तर तो रिक्षेला अशा बोळात नेतो जिथून फक्त मागे येता येते. काका पूल कुठला बंद होईल हे सकाळच्या आभाळावरून सांगतात. हे ज्ञान कुठल्याच दरात धरलेले नाही. मीटरनेही ते धरले नव्हते, म्हणून यासाठी मी ॲपला वेगळा दोष देत नाही.

सगळ्यांत गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने भारतात रिक्षांसाठी नवी पद्धत आणली. चालकाकडून प्रत्येक भाड्यामागे कमिशन घ्यायचे नाही, ॲप वापरण्याचे शुल्क तेवढे घ्यायचे, पैसे प्रवाशाने थेट चालकाला द्यायचे, आणि ॲपवर दिसणारा आकडा हा सुचवलेला आकडा, शेवटची रक्कम दोघांनी आपसांत ठरवायची. हे मी काकांना वाचून दाखवले तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या रिक्षातला चालक उठून आला. "म्हणजे एवढं सगळं करून," काका डोळे पुसत म्हणाले, "पुन्हा सीबीएसचं किती, ह्याच्यावरच आले ना?"

मी त्यांच्यासोबत हसले खरी, पण घरी जाताना मला माझीच जुनी वही आठवली. मीटरवर बसायचा हट्ट मी कधी धरला होता? तेरा वर्षांत एकदाही नाही. भाडे मीटरपेक्षा जास्त पडते असे वाटले की मी मनात चरफडले, आणि दुपारच्या रिकाम्या वेळी काका कमी पैशांत न्यायला तयार झाले की मी ते खुशाल मान्य केले. तेव्हा मलाही मीटर नकोच होते. रिक्षावाल्याने रुमाल बांधला हे खरे, पण त्याची दुसरी गाठ आम्ही मारली. सरकारने छापून दिलेला, सगळ्यांना सारखा दर आमच्या प्रत्येक रिक्षेत पासिंग होऊन तयार होता. तो आम्ही कधी मागितलाच नाही, आणि पुढे एका कंपनीने पावसाप्रमाणे बदलणारा दर पुढे केला तेव्हा निश्चित दर मिळाला म्हणून हरखून गेलो.

या जानेवारीत आईला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला मावशीकडे जायचे होते. गाडी सकाळी, म्हणून काकांना रात्रीच सांगून ठेवले होते. निघताना सवयीने ॲपवर स्थानकाचा दर पाहिला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि रिक्षेत बसल्यावर म्हटले, "काका, मीटर टाकता का?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करते आहे का याचा अंदाज घेतला असावा. मग रुमालाची गाठ सोडली. आतून दसऱ्याचे ते फूल, वाळून तपकिरी झालेले, त्यांच्या पायाशी पडले. त्यांनी ते उचलून वरच्या खिशात ठेवले आणि बटण दाबले. लाल आकडे उमटले. पहाटेच्या अंधारात ते अनपेक्षितपणे छान दिसत होते. पुणे रोडला लागेपर्यंत आम्ही तिघेही त्या आकड्यांकडेच पाहत होतो, उपनगरचा सिग्नल लागला तेव्हा उभ्याउभ्या एक रुपया चढला तर आई म्हणाली, "अगं बाई, हे थांबण्याचेही घेते!" बिटको चौकात ती मावशीसारखी सराईत झाली होती.

स्थानकावर उतरलो तेव्हा मीटरवरचा आकडा ॲपपेक्षा अकरा रुपयांनी जास्त होता आणि काकांच्या नेहमीच्या भाड्यापेक्षा चाळीस रुपयांनी कमी. मी नेहमीचेच पैसे पुढे केले. त्यांनी वरचे चाळीस परत केले. मी नको म्हटले, ते म्हणाले मीटर टाकलंय ना आज, मी म्हटले येताना रिकामे यावे लागेल, ते म्हणाले सात वाजता येताना सीटा मिळतील, बघू. आई जिन्याकडे बोट दाखवत गाडी आली असेल म्हणून घाई करत होती, आणि आम्ही दोघे त्या चाळीस रुपयांवरून, आयुष्यात पहिल्यांदाच उलट्या दिशेने, घासाघीस करत उभे होतो.

"काका, ते अजून चालूच आहे," मी म्हटले. आकडा एका रुपयाने पुढे गेला होता.

"चालू दे की जरा," ते म्हणाले आणि आईची बॅग उचलून जिन्याकडे चालू लागले.